‘किती सीसीची?’ एवढ्यावर भागत नाही

भाच्याने दिवाळीत मोटरसायकल आणली. वेशीपासून घरापर्यंत पाच जणांनी थांबवलं आणि पाचही जणांनी एकच विचारलं, "किती सीसीची हाय?" सहावे आमचे दाजी. बैल घेताना मारतात तशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टीचभर सीटवर पंजा ठेवून पाहिला, टाकीखाली उघडं पडलेलं इंजिन न्याहाळलं आणि पोराला म्हणाले, "हिचे कपडे शोरूमलाच ऱ्हायले का रे?"

"आबा, हिला नेकेडच म्हणतात," भाचा म्हणाला, आणि आतून ताईचा हसण्याचा आवाज आला.

मग दाजी माझ्याकडे वळले. मी संभाजीनगरजवळ वाळूजला सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत शॉकअपच्या लाइनवर क्वालिटीत सतरा वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे गाडीचा कुठलाही तंटा शेवटी माझ्याच दारात येतो. "पाव्हणं, तुम्हीच सांगा. दोन लाखाला वापरलेली गाडी. तेवढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली आली असती. बरं गाडीच घ्यायची तर बुलेट घ्यावी, निदान चार लोकांत उठून तरी दिसली असती. हिच्यात हाय काय असं?"

त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर बोललो. जेवण व्हायचं होतं. इथे नीट सांगतो.

नेकेड म्हणजे फेअरिंग नसलेली गाडी. रेसच्या गाडीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचं जे कवच असतं, ते फेअरिंग. त्या हिशेबाने घरची स्प्लेंडरही नेकेडच की, असं कोणी म्हणेल. फरक आतल्या सामानात आहे. स्पोर्ट नेकेडचं इंजिन, चौकट, ब्रेक, टायर हे सगळं रेसच्या गाडीच्या खानदानातलं, आणि बसणं मात्र माणसासारखं: हँडल रुंद आणि उंच, पाठ जवळपास सरळ. युरोपात १९८०च्या दशकात लोक पडलेल्या स्पोर्टबाइकचं महागडं कवच पुन्हा बसवण्याऐवजी तशीच गाडी फिरवायला लागले आणि वर रुंद हँडल ठोकायला लागले. डुकाटीने १९९२ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात ‘मॉन्स्टर’ दाखवली. मिगेल गालुत्सी या डिझायनरने ती कंपनीच्याच वेगवेगळ्या मॉडेलांचे भाग जुळवून उभी केली होती. तिथून कंपन्यांनी या प्रकाराला पंखाखाली घेतलं.

युरोपात मधली गाडी म्हटली की सहाशे ते आठशे सीसी. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या हप्त्यांवर ती तीनशे ते चारशेवर येते. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, २०१३ मध्ये ३९० ड्यूक १ लाख ८० हजारांना आणली आणि या गाड्या कॉलेजच्या पोरांच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. २०२० मध्ये ब्रिटनच्या ट्रायम्फशी करार झाला, २०२३ मध्ये स्पीड ४०० आली. या दोन्ही चाकणला जुळतात. पण दुचाकीच्या सुट्या भागांचं शहाणपण आपल्याकडेही कमी नाही. १९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला शॉकअप, ब्रेक, कास्टिंग, दिवे करणाऱ्यांचं गावच वसलं. आमच्यासारख्यांच्या दोन पिढ्या त्यावर जगल्या.

आता सीसी. पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा झाडून काढतो तेवढे घनसेंटिमीटर म्हणजे सीसी. पातेलं किती लिटरचं, एवढंच ते सांगतं. स्वयंपाक कसा होतो, ते नाही. आजची बुलेट ३५० ही ३४९ सीसीची, स्पीड ४०० ही ३९८ सीसीची. म्हणजे पातेलं चौदा टक्क्यांनी मोठं. ताकद मात्र बुलेटची साधारण साडेवीस पीएस (अश्वशक्तीचं युरोपी माप) आणि स्पीडची ४०. दुपटीला थोडंच कमी. चौदा टक्क्यांत दुप्पट कशी होते?

गावचा हापसा आठवा. मोठा माणूस दांडा वरपासून खालपर्यंत पूर्ण मारतो, सावकाश. बारकं पोरगं अर्धाच दांडा मारतं पण भराभर. हाताचा वेग पाहिला तर दोघांचा जवळपास सारखाच असतो. पोराचा हात कमी अंतर जातो, म्हणून मिनिटाला जास्त वेळा जातो.

बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर. उभट डबा. स्पीड ४००चा व्यास ८९ आणि धाव ६४. बसका डबा. बुलेटची सर्वांत जास्त ताकद मिनिटाला ६१०० फेऱ्यांवर मिळते. एका फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे १७१.६ मिलिमीटर. गुणाकार करा: सेकंदाला साधारण १७.४ मीटर. स्पीडचं शिखर ८००० फेऱ्यांवर, एका फेरीत १२८ मिलिमीटर. उत्तर येतं सेकंदाला १७.१ मीटर. दोन्ही गाड्यांत पिस्टनचा सरासरी वेग जवळजवळ एकच! पिस्टन, रिंगा, तेलाचा पातळ थर, कनेक्टिंग रॉड यांच्यावरचा ताण बऱ्याच अंशी या वेगावर ठरतो. म्हणजे ‘ही गाडी जास्त पळते म्हणून लवकर झिजते’ हा जो चावडीवरचा सिद्धांत आहे, तो निदान या दोघींच्या बाबतीत टिकत नाही. तेवढ्याच चालीत बसक्या डब्याला फक्त जास्त फेऱ्या मिळतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे बुलेटमध्ये सेकंदाला ५१ आणि स्पीडमध्ये ६७.

बसक्या डब्याचा दुसरा फायदा वरच्या झाकणावर. व्यास मोठा म्हणून व्हॉल्व्हना, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या दारांना, जागा मोठी. बुलेटला दोन व्हॉल्व्ह, स्पीडला चार, आणि ते उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढायचा पंप आहे, पेट्रोल त्या हवेच्या मापानेच जाळता येतं. जास्त फेऱ्यांवर हवा आत शिरायला वेळ कमी मिळतो, तेव्हा दार रुंद असलेलं बरं. लग्नाच्या मांडवात पंगत उठवायची असेल तर दोन दारं लागतातच.

इथे टॉर्क आणि पॉवर या दोन शब्दांचा घोळ मिटवून टाकू, कारण शोरूममधली पोरं तो वाढवतात. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांबीचा पान्हा आडवा धरून त्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम टांगलं, तर नटावर एक न्यूटन मीटर जोर पडतो. स्पीड ४००चा जास्तीत जास्त टॉर्क ३७.५ न्यूटन मीटर, म्हणजे त्याच पान्ह्याला पावणेचार-चार किलो टांगल्यासारखं. ऐकायला किरकोळ. आमच्या दाजींनी हाताने त्याहून जास्त जोर लावून नांगराचे नट सोडवलेत. पण दाजी तो जोर मिनिटाला ६५०० वेळा फिरवू शकत नाहीत. जोर गुणिले फेऱ्या, ही पॉवर. न्यूटन मीटरला फेऱ्यांनी गुणा, ७०२३ ने भागा, पीएस मिळतील.

आता शंभर सीसीमागे किती, ते पाहू. बुलेटचा टॉर्क २७ न्यूटन मीटर, म्हणजे शंभर सीसीला ७.७. स्पीडचा ९.४. फरक वीस-बावीस टक्क्यांचा. पॉवर मात्र शंभर सीसीला बुलेटची ५.९ आणि स्पीडची १०. फरक सत्तर टक्क्यांचा. म्हणजे एका स्फोटात दोघींची मेहनत फार वेगळी नाही. बाकीची कमाई जास्त फेऱ्यांची आणि त्या फेऱ्यांवरही टॉर्क टिकवण्याची आहे.

याच सूत्राने माहितीपत्रकात न छापलेली एक गोष्टही घरबसल्या काढता येते. स्पीड ४००ची ४० पीएस ताकद ८००० फेऱ्यांवर आहे. उलटा हिशेब केला की त्या ठिकाणी टॉर्क ३५ न्यूटन मीटर निघतो. शिखर ६५०० वर ३७.५, आणि पंधराशे फेऱ्या पुढे जाऊनही ३५. म्हणजे डोंगर टोकदार नाही, वर पठार आहे. नव्या ३९० ड्यूकला ६५०० वर ३९ न्यूटन मीटर आणि ८५०० वर ४६ पीएस, म्हणजे तिथेही ३८ शिल्लक. ओव्हरटेक करताना खाली गिअर न टाकता गाडी उचलते की नाही, ते या पठारावर ठरतं. मी गाडी बघायला गेलो तर कमाल आकडा बघत नाही, हा उतार बघतो.

दाजींचा मुद्दा जिथे खरा आहे तेही सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसने जायचं म्हटलं की ही बसक्या डब्याची गाडी कुरकुरते, चेन ठणठण वाजते, क्लचवर सारखा हात. बुलेटचं जड फ्लायव्हील आणि लांब धाव तिथे दुडूदुडू निघून जाते. शिवाय ही गाडी एका सिलिंडरची असल्याने थरथरही आलीच. ती मारायला आत बॅलन्सर शाफ्ट उलट्या दिशेने फिरवतात, तरी वरच्या फेऱ्यांना आरशातला एक ट्रक दोन दिसतो.

उन्हाची गोष्ट मराठवाड्यात वेगळी सांगायची गरज नाही, पण गाडीच्या बाजूने ऐका. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. म्हणून या इंजिनांभोवती पाणी खेळवलेलं असतं, पुढे जाळी आणि मागे पंखा. हायवेला वारा ते काम करतो. मे महिन्यात दुपारी संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला उभे राहा, पंखा सुरू होईल आणि ती सगळी झळ तुमच्या पोटरीवर येईल. गाडी बिघडली असं समजून पोरं गॅरेज गाठतात. बिघडलेलं काही नसतं, पंखा त्याचं काम करत असतो. शिवाय ४३ अंशांची हवा २३ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते, म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी. दिवाळीत चपळ वाटलेली गाडी मेमध्ये मरगळलेली वाटते ती यामुळे.

इंजिनाविषयी एवढं पुरे. माझ्या मते या गाड्यांचा खरा पैसा इंजिनात नाहीच, त्याच्या भोवती आहे.

पत्र्याच्या शेडची कैची पाहिली असेल. बारीक अँगल, पण त्रिकोणात जोडलेले, म्हणून वीस फुटांचा गाळा झुलत नाही. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. ड्यूकच्या टाकीखाली दिसणारी नळ्यांची जाळी म्हणजे तीच कैची, ट्रेलिस फ्रेम म्हणतात तिला. इंजिनही तिच्यात नुसतं टांगलेलं नसतं, भार वाहतं. वळणात गाडीचं पुढचं चाक आणि मागचं चाक एकाच प्रतलात राहावं, मध्ये चौकट पिळवटू नये, याच्यासाठी हा खटाटोप.

मग येते भूमिती. हँडलचा दांडा जमिनीशी काटकोनात नसतो, मागे कललेला असतो. स्पीड ४०० मध्ये तो उभ्या रेषेपासून २४.६ अंश कलला आहे. तो दांडा तसाच खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या १०२ मिलिमीटर मागे टायर टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक बघा, ट्रॉली ढकलली की ते फिरून मागे येतं आणि सरळ होतं. तेच तत्त्व. ट्रेल जास्त, तर गाडी नाकासमोर चालते पण वळायला आळस करते. कमी, तर चटकन वळते पण खड्ड्यात हँडल झटका मारतं. शंभर मिलिमीटरच्या आसपासचा ट्रेल हा दोघांतला तह आहे. दोन चाकांतलं अंतरही तसंच. स्पीड ४०० मध्ये ते १३७७ मिलिमीटर, आणि जवळपास तेवढ्याच इंजिनाच्या डॉमिनार ४०० मध्ये १४५३. तीन इंचांनी कमी अंतर आणि सतरा किलो कमी वजन. डॉमिनार लांबच्या प्रवासाला निश्चिंत, आणि नेकेड वळणाला.

औट्रम घाटात, कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना, हे सगळं हाताला कळतं. तिथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते पण सगळे करत असतात. वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं, गाडीच्या खालून बाजूला सरकतं आणि गाडी डावीकडे कलते, मग वळण आपोआप येतं. सायकल शिकलेलं प्रत्येक पोर हे नकळत करतं. नेकेडचं हँडल साधारण आठशे मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे तरफ लांब मिळते आणि दोन बोटांच्या रेट्याने गाडी कलते. भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, उलटं सांगताय तुम्ही." रिकाम्या रस्त्यावर करून आला, मग काही बोलला नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, तिथे मी थोडा रेंगाळणार.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतात ते वरदान, रस्त्याखाली संकट. वर कितीही चांगलं डांबर टाका, खालची माती श्वास घेत राहते आणि दोन-तीन वर्षांत रस्ता लाटा मारायला लागतो. खड्डा नसतो, पण गाडी होडीसारखी वरखाली होते. समजा लाटा दहा-दहा मीटरवर आहेत आणि तुम्ही ताशी ८० ने चाललात, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सेकंदाला दोन-सव्वादोन हेलकावे झाले. मोटरसायकल स्प्रिंगवर स्वतःच्या तालात डोलते तो ताल साधारण एवढाच असतो. झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहिलं तर काय होतं, तेच गाडीचं होतं.

ते अडवायला शॉकअपमध्ये स्प्रिंगसोबत तेल असतं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. तिला एकटीला सोडलं तर ती परत करतच बसते. तेल बारीक छिद्रांतून पळतं आणि तो धक्का गरम होऊन विरतो. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर पाणी सहज जातं, जोरात दाबली तर अडतं. तसंच हे. लाटांसाठी ही अडवणूक भरपूर हवी, टोकदार खड्ड्यासाठी कमी हवी, आणि डिझायनर दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा राहतो. स्पोर्ट नेकेडवाले लाटांच्या आणि वळणांच्या बाजूने उभे असतात. म्हणून गावातल्या फुटक्या सिमेंट रस्त्यावर ही गाडी मनगटाला त्रास देते, आणि सोलापूर-धुळे हायवेला एकदम शहाणी होते.

पुढचा फोर्क या गाड्यांत उलटा असतो, जाड नळी वर आणि चकाकणारा बारीक दांडा खाली. दिखाव्यासाठी केलंय असं पुष्कळांना वाटतं. ब्रेक मारला की फोर्क मागे वाकायला बघतो आणि सर्वांत जास्त ताण वरच्या पकडीजवळ येतो. फांदी खोडाजवळ जाड असते, टोकाला नाही. तेवढंच कारण. स्पीड ४०० आणि ड्यूक दोघींचा फोर्क ४३ मिलिमीटरचा. पण उलट्या फोर्कला एक दुखणं आहे: ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, खाली, चिखलाच्या हद्दीत. दांड्यावरचं क्रोम आम्ही मायक्रॉनच्या अंशांत तपासतो, आणि वाळलेल्या काळ्या मातीचा एक कण त्यावर घासत वर गेला की सीलचा ओठ कापतो. तेल गळतं ते खाली, थेट ब्रेकच्या दिशेने. भाच्याने आणलेल्या गाडीचा डावा सील असाच गळत होता. विकणाऱ्याने पुसून दाखवली होती. मी बोट फिरवलं, तेलकट लागलं, सील बदलून घेतले. चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्याने दांडा पुसा, दुसरी काही सेवा नाही. आणि जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे वाचा. १२२३ असेल तर २०२३ च्या बाराव्या आठवड्यात टायर झाला. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

ब्रेकवर आलो की दाजींशी माझं भांडण सुरू होतं. त्यांनी पोराला लहानपणापासून शिकवलं, "समोरचा ब्रेक दाबायचा न्हाई, उताणा पडशील." अख्ख्या तालुक्याने हेच शिकवलंय. हिशेब असा आहे. गाडी १७६ किलो, माणूस ७०. उभी असताना साधारण निम्मं वजन पुढच्या चाकावर, निम्मं मागच्या. जोरात ब्रेक मारला की भार पुढे झुकतो, बैलगाडी अचानक थांबली की पोती पुढे सरकतात तसा. या मापाच्या गाडीत जवळपास ९० किलो भार मागच्या चाकावरून उठून पुढच्यावर जातो. पुढे २१३, मागे ३३. आता ज्या चाकावर ३३ किलो उरले ते गाडी काय थांबवणार? फक्त मागचा ब्रेक दाबला तर ८० च्या वेगातून थांबायला ८५ मीटरच्या आसपास लागतात. दोन्ही नीट दाबले तर ३२ मीटर. शिवाय बघून हात हलवेपर्यंतचा एक सेकंद, तो दोन्हीकडे २२ मीटर खातो.

गळीत हंगामात शहागडच्या पुढे रात्री उसाची ट्रॉली लागते. मागे ना दिवा, ना रेडियम. दिव्याच्या उजेडात ती दिसते तेव्हा तुमच्याकडे ऐंशी मीटर नसतात.

मग लोक पुढच्या ब्रेकने पडायचे का? पडायचे. एक तर एकदम खचकन दाबायचे, भार पुढे यायच्या आत चाक अडकायचं. नाहीतर वाळूवर, नाहीतर हँडल वळलेलं असताना. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि त्या मापाच्या सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. चाकाशेजारी दातेरी चकती असते, सेन्सर तिचे दात मोजतो, चाक अडकायला आलं की सेकंदात कित्येक वेळा दाब सोडून परत देतो. वळणातल्या चुकीला तो वाचवेलच असं नाही, सरळ रस्त्यावर मात्र वाचवतो. ड्यूकला पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क आहे. तवा जेवढा मोठा तेवढा हिसका चाकाच्या काठाजवळ लागतो, बोटांना कमी जोर पुरतो, आणि गरम व्हायला धातू जास्त मिळतो. पण हे सगळं मागचा ब्रेक दाबणाऱ्याच्या काय कामाचं?

कपडे नसण्याची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. नेकेड गाडी आणि तिच्यावर ताठ बसलेला माणूस धरला तर ताशी १०० ला फक्त हवा कापायला साडेआठ पीएसच्या आसपास जातात. १५० ला अठ्ठावीस. वेग दीडपट, खर्च सव्वातीन पटीच्या वर. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर मिळवण्यात उरलेले सगळे पीएस संपतात, म्हणून या गाड्या तिथेच कुठेतरी थांबतात. माणूस त्याच्या बराच आधी थकतो. शंभरला गाडी आणि माणूस मिळून २२ किलोंचा रेटा असतो, १२० ला ३२, आणि त्यातला मोठा वाटा छातीवर येतो. वर संध्याकाळी कपाशीच्या पट्ट्यातून जाताना किडे. फेअरिंग नाही म्हणून ऐंशी-नव्वदला वेग ‘जाणवतो’, हा मी फायदाच समजतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर दुचाकीला तसाही प्रवेश नाही, मग दीडशेचं करायचं काय?

सीसी हा आकडा एका ठिकाणी मात्र खरंच महत्त्वाचा ठरला, कराच्या कागदावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांचा, उपकर धरून ३१ होता, तो ४० झाला. म्हणजे ३४९ची बुलेट रेषेच्या आत, ३९८ची गाडी बाहेर. एवढ्या वेळात पिस्टनची धाव आणि ट्रेल समजावून सांगितलं, आणि सरकारनेही शेवटी विचारलं, किती सीसीची? भाच्याने जुनी घेतली ती याच आकडेमोडीतून, असं तो म्हणतो. मला वाटतं त्याला ती नुसती आवडली होती.

संक्रांतीला परत गेलो तेव्हा दाजी ओट्यावर नव्हते. "फेरी मारायला गेलेत," ताई म्हणाली. थोड्या वेळाने लांबून ती बसक्या डब्याची घरघर आली, जरा जास्तच वरच्या फेऱ्यांवर, कारण दाजींना गिअर बदलायचा कंटाळा आहे. दारासमोर त्यांची म्हैस उभी होती. दाजी तिच्या बऱ्याच अलीकडे थांबले, फोर्क खाली गेला आणि एकदाच वर आला. त्यांनी रुमाल सोडला, डोळ्यातला किडा काढला.

"समोरचाच दाबला," ते म्हणाले. "बरं, ॲव्हरेज किती देती?"